हळदीच्या गाण्यांची सुपारी

घोडेगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. दिवसभर मशीन चालतं आणि दिवसभर गाणं चालतं. गाण्याशिवाय मला टीपसुद्धा सरळ येत नाही, असं आमच्या घरात म्हणतात, आणि ते खरं आहे.

माझं माहेर बेल्ह्याचं. आठवड्याच्या बाजारात वडील बैल बघत फिरायचे तेव्हा मी एका टेम्पोपाशी उभी राहायचे. त्या टेम्पोत कॅसेटी असत. खाऊचे पैसे साठवून मी तिथून एक कॅसेट घेतली, हळदीच्या गाण्यांची. गाणारी बाई कोण होती ते मी वाचलंसुद्धा नव्हतं. त्या वयात गाणं टेपमधूनच उगवतं असं वाटायचं. कव्हर हरवलं, पुढे टेपही गुंतून गेली, पण आवाज डोक्यात पक्का बसला.

मग मेमरी कार्डं आली. मोबाईलच्या दुकानदाराला दहा-वीस रुपये दिले की तो हवी तेवढी गाणी भरून द्यायचा. त्यात मला तीच हळदीची गाणी सापडली आणि मी खूश झाले. नंतर तर तेही लागेना. फोनवर नुसतं बोललं तरी गाणं सुरू व्हायचं. त्यावर चित्र मात्र भलत्याच कुणा गोऱ्यापान नटीचं, खाली नाव काहीच नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, हे कबूल करते.

तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी डोंगराकडच्या गाडीने आलेली एक म्हातारी दुकानात शिरली. नातसुनेचा ब्लाऊज शिवायला टाकायचा होता. मी माप लिहून घेत होते, फोनवर हळदीचं गाणं चालू होतं. बाई हातातला ब्लाऊजपीस धरून तशीच थांबली. गाणं संपलं आणि तिने अगदी शांतपणे सांगितलं, "ह्यात एक कडवं कमी हाय."

"कुठलं कडवं, मावशी?"

"मामाचं. मांडव मामानं घातला, ते." आणि तिने ते उभ्याउभ्या गाऊन दाखवलं. आवाज चिरकत होता, पण सुरातली हरकत तीच होती. जी माझ्या डोक्यात बेल्ह्याच्या बाजारापासून बसली होती, तीच.

मी मापाची टेप बाजूला ठेवली. "मावशी, हे तुम्ही गायलंय?"

"मंग कुणी? पुण्याला नेलं व्हतं आमाला. चार बाया. एका दिसात समदी गाणी घेतली, कागदावर आंगठा घेतला, गाडीभाडं दिलं. कॅसेट निघाली ती मी दुसऱ्याच्या घरात ऐकली." तिने फोनकडे बोट दाखवलं. "ही कोन हाय चित्रातली?"

"कुणीतरी नटी," मी म्हणाले. इतकी वर्षं मी ह्या बाईचा आवाज वापरला होता, धाग्याच्या रिळासारखा, आणि धाग्याचे तरी मी पैसे देत होते.

ती गेल्यावर मी हे मुलीला सांगितलं, आणि ज्याने ती गाणी फोनवर टाकली होती त्याला तिने तिथेच खाली लिहिलं. गाणारीचं नाव टाका, गाव टाका, एवढंच. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. मग त्याने आमचं लिहिलेलंच काढून टाकलं. तेव्हा मी ठरवलं की ह्याच्याशी भांडत बसायचं नाही, पण ही बाई जिवंत आहे तोवर तिचं गाणं फुकट ऐकून गप्प बसायचं नाही.

पुढच्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. घरात बैठक बसली आणि धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, हळदीला डीजेवाला सांगून टाकतो."

"डीजे नको. मी गाणारी बाई सांगणार आहे."

"अहो, तीच गाणी फोनवर आहेत की. स्पीकर लावू. पैसे कशाला घालवायचे?"

"भावजी, तुम्ही आचारी फोनवरचा आणणार आहात का?"

सगळे हसले, दीर हसले नाहीत. नवरा म्हणाला, म्हातारीचा आवाज नाही लागला तर पाहुण्यांत शोभा होईल. मी म्हणाले, होऊ दे. मुलीने माझी बाजू घेतली आणि विषय संपला.

ब्लाऊज न्यायला आल्या तेव्हा मावशींचं गाव विचारून ठेवलं होतं; सुपारी द्यायला मी स्वतः गेले. डोंगराकडच्या गाडीच्या शेवटच्या थांब्यावर उतरून भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालत गेले. मावशी अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी पानसुपारी आणि पैसे पुढे ठेवले.

"गळा गेला बाय माजा," त्या म्हणाल्या. "फोनवरचंच लाव. त्यात मी चांगली गाते."

"फोनवर तुम्ही तिशीतल्या आहात. मला आत्ताच्या पाहिजेत."

त्यांनी सूप खाली ठेवलं. पैसे हातात घेऊन बघितले आणि म्हणाल्या, "अजून एक बाई लागंल मागं सूर धरायला. तिचं पैसं येगळं." मी हो म्हटलं. मला फार बरं वाटलं. दया म्हणून दिलेले पैसे असते तर त्यांनी घासाघीस केली नसती.

हळदीच्या दिवशी पहिल्या गाण्यात आवाज खरंच फाटला. मागे बसलेल्या दोन पोरी फोन बघायला लागल्या. मावशी पाणी प्यायल्या, त्यांनी पट्टी खाली उतरवली आणि दुसरं गाणं धरलं. त्यात माझ्या मुलीचं नाव आलं. मग आमचं घोडेगाव आलं. मग त्यांनी माझ्याकडे बघून गायलं:

"गावाच्या चोळ्या शिवल्या आईनं,
लेकीची चोळी राहिली मागं."

हे खरं होतं. मुलीचा ब्लाऊज मी आदल्या दिवशी कसाबसा संपवला होता. हे त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. बायका हसल्या, आणि मग माझी जाऊ डोळे पुसत हळद लावायला पुढे झाली. पाठोपाठ सगळ्या उठल्या. धाकटे दीर दारात उभे राहून ऐकत होते. रेकॉर्डिंगला माझ्या घरातलं काय माहीत?

मुलीने एक गाणं फोनवर घेतलं आणि मावशींना विचारून, त्यांच्या नावानं, त्यांच्याच फोटोसह टाकलं. फार लोक ऐकत नाहीत. नटीच्या चित्राचंच जास्त चालतं. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "नाव हाय ना खाली? मंग ऱ्हाऊ दे."

मी फोनवर गाणी ऐकायचं सोडलेलं नाही. खोटं कशाला सांगू? पण लग्नाचे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हळदीचं विचारते. गेल्या दोन मोसमांत सात-आठ घरांनी मावशींना बोलावलं. एका घरच्या बाईने मला नंतर ऐकवलं की आवाज घोगरा होता. मी म्हणाले, होता, आणि तुमच्या सुनेचं नाव गाण्यात आलं होतं, तेही खरं.

परवा निमगाव सावाची एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "त्या लई पैसे सांगतात म्हणं, ताई."

"सांगू द्या," मी म्हणाले, आणि मावशींचा नंबर चिठ्ठीवर लिहून तिच्या ब्लाऊजच्या घडीत ठेवला.