मुंगीला बोलू द्या

माझ्या वहिनीला लोक आगाऊ म्हणतात. म्हणोत बापडे! पोरीला शाळेतून काढून घरी शिकवणारी बाई त्यांना आगाऊच वाटणार. पण का काढली, हे विचारायला एकाची जीभ उचलेल तर शपथ.

मी सांगते. आमची मुंगी, म्हणजे माझी भाची, बोलताना अडखळते. पहिलं अक्षर ओठांवर अडून बसतं, आणि जरा वेळाने अख्खं वाक्य नीट बाहेर येतं. पण तेवढा दम कोणाला? वर्गात ती "मा… मा…" करायची, की बाई म्हणायच्या, "माहीत नाही ना? बस खाली." तिला माहीत असायचं हो! पोरं तिची नक्कल करून पोट धरधरून हसायची. शेवटी मुंगीने बोलणंच सोडलं. घरीसुद्धा. पाणी हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायची. माझा भाऊ ट्रक घेऊन कायम बाहेर. वहिनीने त्याला फोनवर सांगितलं, "उद्यापासून ती घरी शिकेल," आणि विषय संपवला.

वहिनी शिवणकाम करते. मशीनशेजारी मुंगीचं स्टूल. अपूर्णांक टेपवर शिकायचे, भूगोल भिंतीवरच्या नकाशावर. तो नकाशा एकदा शेळीने खाल्ला. अर्धा समुद्र गेला पोटात. मी काठी घेऊन निघाले, तर वहिनी खुशाल मुंगीला म्हणते, "आता उरलेला तू काढ." आणि काढला की तिने! धडा वाचायचा तो गोठ्यात, शेळ्यांपुढे, मोठ्याने. शेळ्या कोणाचं वाक्य मध्येच पुरं करत नाहीत. वाचून झालं की दावी सोडून त्यांना चरायला मोकळं करायचं. याला आमच्या घरात 'सुट्टी' म्हणतात. हळूहळू पोर बोलायला लागली. इतकी, की कधीकधी माझे कान किटतात.

आणि मग तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मुंगीने घरी शिकायचं की शाळेत परत जायचं, हे त्यांच्या हातात. तिच्या अडखळण्याचं वहिनीने आधीच सांगितलं होतं. साहेब "हो हो" म्हणाले. किती ऐकलं ते पुढे दिसलंच.

वाचन झालं, हिशेब झाले. साहेब खूश. मग लाडात येऊन विचारतात, "काय गं, तुला सुट्टी कधी असते?"

"सु… सुट्टी मला नाही, शेळ्यांना असते," मुंगी म्हणाली. "मी देते."

झालं! साहेबांच्या कपाळाला आठ्या. "म्हणजे पोरीला एक दिवस मोकळा नाही? वर शेळ्या राखायला लावता?"

"अहो, आमच्याकडे सुट्टी म्हणजे…" मी तोंड उघडलं.

"तुम्हाला विचारलेलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनीने शांतपणे दाव्यांचं समजावलं, तर म्हणे, "बघा, घरी राहून शब्दांचे अर्थसुद्धा उलटे शिकतेय. चार मुलांत बसू दे हिला." आणि मुंगीकडे वळले. "सोमवारपासून शाळेत येशील ना?"

मुंगीने तोंड उघडलं. "ये… ये…"

"येईन म्हणतेय! बघा, तीच तयार आहे."

मुंगीने तोंड मिटलं. शाळेत जायची तेव्हा मिटायची, अगदी तसंच. एवढं सगळं केलेलं मातीत जाणार, असंच वाटलं मला.

वहिनी मशीनवरून उठली. "साहेब, तिला बोलू द्या."

"अहो, बोलली की ती."

"ती नाही बोलली. तुम्ही बोललात." मग मुंगीला म्हणाली, "सावकाश, बाळा. आम्हाला घाई नाही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चुळबुळले. एकदा मध्ये बोलायला गेले, पण वहिनीने असं काही पाहिलं की परत घड्याळाकडे वळले.

"ये… ये… येणार नाही," मुंगी म्हणाली. "तिथं मला को… कोणी बोलू देत नाही. तुम्ही पण नाही दिलं."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. शेवटी "वर्षभर घरीच शिकू दे," एवढं पुटपुटले, आणि निघताना "हुशार आहे हो मुलगी" असं सर्टिफिकेटही देऊन गेले. मोठे आले!

मुंगी उड्या मारत गोठ्याकडे पळाली. वहिनी खुशीत असेल म्हणून मी चहा टाकून बाहेर आले, तर ही मशीनवर डोकं टेकून रडतेय.

"अगं, जिंकलो ना आपण?" मी म्हटलं.

"एवढंच थांबायचं होतं गं," ती म्हणाली. "एवढंसं तिथं कोणी थांबलं असतं, तर माझी पोर मुकी झाली असती का?"