पिवळा चौकोन आणि हळदकुंकू

मार्चमधला शेवटचा रविवार. हातात काम एका चित्रकार सरांच्या चित्राच्या प्रती छापायचं. एकात एक चौकोन. निळा, राखाडी, पांढरट आधीच छापून झालेले, मधला पिवळा त्या सकाळी सगळ्या प्रतींवर ओढला. कोथरूडमधल्या आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका होतात, त्यामुळे जाळीच्या स्क्रीनवरून कागदावर शाई ओढायला माझा हात सरावलेला. शहरातले निम्मे चित्रकार सरांकडे शिकलेत. पण आता त्यांचाच हात थरथरतो, म्हणून छपाई माझ्याकडे. शुक्रवारी प्रदर्शन. जाड कागद मोजकाच आणलेला, नवा मिळायला महिना.

प्रती वाळत ठेवून मी हात धुवायला गेले. तेवढ्यात सासूबाईंनी सवयीनं पहिल्या प्रतीच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. प्रत्येक पत्रिकेची पहिली प्रत त्या अशीच देवापुढे ठेवतात.

"अहो आई, हे चित्र आहे!"

"मला काय ठाऊक? चौकट दिसली, म्हटलं आत नावं यायची असतील."

सर चष्मा पुसत आले. "वा! मुहूर्त कधीचा?"

मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. कागद खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. "हळदीशेजारी माझा पिवळा बघा. आजारी दिसतोय."

खरंच दिसत होता. डब्यात तोच मला झगझगीत वाटला होता. रंग कसा दिसणार ते त्याचा शेजारी ठरवतो, हे सर आयुष्यभर शिकवत आले. वर्गात न बसता मला ते तिथं उभ्या उभ्या कळलं.

"नवा कालवतो. सगळ्या प्रतींवर पुन्हा मारा," ते म्हणाले.

"सर, केसभर सरकलं तरी कडेला जुना पिवळा डोकावेल. सगळा गठ्ठा वाया. मग शुक्रवारी भिंतीवर काय लावणार?"

"काही नाही. रिकामी भिंत आजारी नसते."

हट्टी गिऱ्हाइकाला मी एरवी सरळ दुसरं दुकान दाखवते. पण प्रदर्शनात एकालाही हा फरक कळला नसता, आणि तरी हा माणूस सगळं काम पणाला लावायला तयार होता. मी हो म्हटलं.

सोमवारी सकाळी कागद हलू नये म्हणून पंखे बंद केले, मध्ये कुणी येऊ नये म्हणून दाराला आतून कडी लावली. हळदकुंकवाच्या प्रतीवर आधी नवा पिवळा ओढून पाहिला. कड तंतोतंत जुळली. सरांनी भिंग लावून चारी बाजू तपासल्या आणि पुढचा कागद माझ्याकडे सरकवला. मग मी एकेक कागद लावत गेले, जुना पिवळा कुठंच डोकावला नाही, आणि गठ्ठा संपल्यावरच कडी काढली.