सेठचा होकार

आमच्या वरच्या खोलीत राहणारा हा तरुण स्वतःला संस्थापक म्हणवतो. कंपनीत तो आणि त्याचा जोडीदार, दोघेही इंजिनियर. गिऱ्हाइकाशी बोलायला कोणी जायचे यावर चिठ्ठ्या टाकल्या, तर याचे नाव निघाले. राइस मिलवाल्यांना आपला तांदूळ ऑनलाइन विकता यावा म्हणून त्यांनी वेबसाइट बनवली आहे. ती उत्तम चालते. तिच्यावर अजून कोणी आलेले नाही.

काही बंद पडले की हे दोघे खूश असतात. आपोआप चालू झाले, तर मात्र त्यांना झोप लागत नाही. "काका, काहून चाललं हे समजलं नाही, तर ते उद्या बंद पडते," हा म्हणतो.

परवा तो मला वारासिवनीला सोबत घेऊन गेला. या वेळी गिऱ्हाईक मिळाले नाही, तर जोडीदार पुण्याच्या नोकरीवर परत जाणार होता. तिथल्या एका मिलवाल्या सेठने मोबाइलवर साइट पाहिली, चहा मागवला आणि म्हणाला, "हौ, उद्यापासून आमचा माल यावर लावून टाका."

मी उठू लागलो. हा बसूनच राहिला.

"पण काहून?" त्याने विचारले.

"काहून म्हणजे?"

"तुम्हाले यात काय पटलं?"

सेठने मोबाइल पुन्हा पाहिला, मग याच्याकडे पाहिले. "अरे भाऊ, तुलेच माहीत नाही, तर मी कायले लावू? सोच के बताता हूँ."

परतीच्या बसमध्ये याने जोडीदाराला फोन लावला. "सेठ नाही म्हणला. पण काहून म्हणला, ते पक्कं समजलं."

"हौ? मग दुरुस्त करता येते," पलीकडून उत्साही आवाज आला. "थांब, मी नाही जात पुण्याले."