गवत कापाच्या मशीनचा पोळा

पोळ्याच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी सीटवर बसून चाबी फिरवली, अन् मशीन गप्प. घुरघुर नाही, कटकट नाही, काहीच नाही. पुन्हा फिरवली. मंग मशीनच्या मायले शिव्या घातल्या. तिची माय जपानातली का अमेरिकेतली, मले ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्हीकडच्या घातल्या.

मी तवा एका सूतगिरणीत फिटर होतो. कापसाचे दिवस लय वाईट होते. कापसाले भाव नाही, सुताले गिऱ्हाईक नाही, गिरणीच्या सूत कातायच्या चात्या सहा महिन्यांपासून बंद. पण गिरणीसमोरची दोन एकर हिरवळ मात्र जोरात चालू होती. आमचे चेअरमन परदेशात धाग्याच्या मशिनी पाहाले गेलते. तिथं त्यायले एक माणूस खुर्चीवर बसून गवत कापताना दिसला, अन् हा बहाद्दर धागा विसरून गवतच पाहत बसला! चार महिन्यांत तशीच मशीन आमच्या दारात हजर. सहा माळी घरी गेले. राहिलो दोघं: मशीन चालवाले मी, अन् कडा-कोपरे विळ्यानं कापाले एक म्हातारा माळी. त्याले मी काका म्हणो.

काका बंजाऱ्यायच्या तांड्यावरचा. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर कसे फिरत, हे तो मले रोज एकदा सांगे. मी पुसदच्या आयटीआयचा सर्टिफिकेटवाला आहो, हे मी त्याले रोज एकदा सांगो. त्याची बैलजोडी म्हातारपणानं गेलती अन् नवी काही आली नाही. त्यानंतर त्याचा जीव गुंतला तो ह्या लाल मशीनीत. तिच्या अंगावरून हात काय फिरवे, तिले 'चाल व माय' काय म्हणे! मले हसू येई.

तर त्या दिवशी चार वाजता गिरणी पाहाले कोणी मोठी पार्टी येणार होती. मॅनेजर साहेब पुण्याकडचे. त्यायनं आम्हा दोघांले उभं करून सांगितलं, "चारच्या आत गवत कापलेलं दिसलं पाहिजे. नाही तर उद्यापासून दोघंही येऊ नका. मी कंत्राटदाराला काम देऊन टाकतो."

मले दुसरीकडं काम भेटलं असतं. सत्तरीले टेकलेल्या काकाले कोण ठेवत होतं? हे काकाले ठाऊक होतं अन् मलेही, म्हणून तर माझं डोकं जास्त सणकलं.

मी कामाले लागलो. पेट्रोल पाहिलं, टाकी भरलेली. बॅटरी पाहिली, समोरचा दिवा भकभक पेटला. प्लग काढून साफ केला. मंग काय सुचलं कोण जाणे, कार्बोरेटर खोलला अन् त्याचा एकेक पुर्जा पोत्यावर मांडून बसलो.

काका बाजूले उकिडवा बसून पाहत होता. "बाबू, आज पोया हाये. आज ते नाई चालत."

"काका, तो बैल नोहोय. सर्टिफिकेट माझ्याजवळ हाये का तुमच्याजवळ?"

"काल म्या तिले आवतन देल्लं ना."

"पार्टीले द्या आवतन! अन् जा, चहा आना."

अकरा वाजले तरी मशीन गप्पच. माझी अक्कल संपली. मोटरसायकल काढली अन् जवळच्या कळंबहून मिस्त्रीचाचाले मागं बसवून आणलं. चाचा ऑटोपासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं दुरुस्त करे. त्यानं पोत्यावरचे पुर्जे पाहिले, मंग माझ्याकडं पाहिलं.

"स्टार्टर मुका हाये, अन् तू कार्बोरेटर खोलला? अबे, दात दुखते म्हनून कोनी नाक कापते काय?"

मी मान खाली घातली. चाचानं सीट उचलली अन् खाली वाकला. त्या सीटखाली एक बटन असते. माणूस बसला का ते दबते, मंगच मशीन चालू होते. कोणाचा हातपाय पात्यात जाऊ नये म्हणून ती सोय. ते बटन, त्याच्या तारा, त्याची टोकं, सारं पिवळंजर्द लडबडलेलं! चाचानं बोट लावलं, नाकाशी नेलं.

"हल्दी? घी? अरे, ह्या मशीनले फोडनी कोनं देल्ली रे?"

काका उठून पुढं आला. "म्या. काल खांदशेकनी नव्हती काय?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे पळसाच्या पानानं हळद-तूप लावून शेकतात, अन् बैलाच्या कानात सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' काकानं ते सारं साग्रसंगीत मशीनले केलतं.

"पन सीटखाली कायले, काका?"

"खांदा म्हनजे जिथं वझं पडते ते. तिच्यावर वझं कोनाचं पडते? तुह्या बुडाचं. मंग खांदा कुठं आला?"

चाचा हसून हसून जमिनीवर बसला. मले नाही हसू आलं. मी काकाले तोंडाले येईल ते बोललो. म्हातारचळ म्हटलं, अडाणी म्हटलं, ह्या येडेपणापायी दोघांची नोकरी घालवता म्हटलं.

चाचानं पेट्रोलच्या फडक्यानं बटन पुसलं, माझा कार्बोरेटर जोडून देल्ला. दोन वाजता चाबी फिरवली अन् मशीन धडधडली. तवा काका समोर येऊन उभा राहिला.

"बाबू, आज नको जुपू तिले. आवतन देऊन कोनी पाव्हन्याले कामाले लावते काय? मी विळ्यानं कापतो."

"दोन एकर? दोन घंट्यात? हटा, काका!"

तो हटला. मी साडेतीनपर्यंत गवत कापलं. तोवर काका मशीनच्या शेडजवळ घरच्या पुरणपोळीचा डबा धरून उभाच. मी मशीन आणून लावली, तवा त्यानं तिच्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर पोळीचा तुकडा ठेवला, अन् मले म्हणाला, "जेव, बाबू." एवढं बोललो होतो मी त्याले. मले लाज वाटली, खोटं कायले सांगू. भूक नाही म्हणून निघून गेलो.

चारले पार्टीची गाडी आली. गेटातून शिरली, काच वर, सरळ ऑफिसच्या दाराशी. कोणी गवताकडं ढुंकून पाहिलं नाही. नोकऱ्या मात्र वाचल्या.

पुढच्या वर्षीही चात्या बंदच, गवत तेवढंच, अन् नेमकी पोळ्याच्याच दिवशी दुसरी पार्टी. साहेबांची धमकीही तीच. आदल्या दिवशी काकानं खांदशेकणी केली, पण मी सांगितल्यापरमानं बटन सोडून. सकाळी मी शेडमध्ये एकटाच गेलो, सीट उचलली, बटनाची तार उपसली अन् सीट खाली केली. मंग साहेबांकडं गेलो. "साहेब, मशीन चालूच होऊन नाही राह्यली."

साहेब स्वतः येऊन बसले. चाबी फिरवली, गप्प. चाचाले बोलावलं. चाचानं सीट उचलली. लोंबती तार पाहिली, मले पाहिलं, डबा घेऊन उभा असलेल्या काकाले पाहिलं. सीट हळूच खाली ठेवली.

"साहेब, आज नाई होत. लय बारीक काम हाये. उद्या येतो मी."

साहेब पाय आपटत गेले. मी अन् काकानं विळे काढले. चाचानंही एक मागून घेतला. गेटापासून ऑफिसापर्यंत, गाडीच्या काचेतून जेवढी दिसते तेवढीच पट्टी आम्ही तिघांनी कापली. चारले गाडी आली, काच वर, सरळ ऑफिसच्या दाराशी. नोकऱ्या ह्याही खेपी वाचल्या.

मंग आम्ही शेडमध्ये जेवाले बसलो. पहिली पोळी मशीनले, मंग आम्हाले. मी ह्या वेळी तीन खाल्ल्या. काका हात धुवून आला अन् माझ्या कानाशी वाकला.

"उद्या तार लावून देशीन ना, बाबू?"