दोन नंबरच्या पॅनवरचा खलाशी

१९७६च्या जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात दोन नंबरच्या पॅनमधला पाक घट्ट बसला. गाळप दुसऱ्या सकाळपर्यंत बंद राहिले. या प्रकरणी एकाच माणसाला मेमो मिळाला. पाक बिघडतोय, हे सांगायला आलेल्या माणसाला.

मी तेव्हा कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचे मोठे बंद भांडे. ते चालवतो तो पॅनमन. मेमो मिळालेला माणूस पॅनमन नव्हता. तो खलाशी, म्हणजे हाताखालचा मजूर, तोही हंगामी. पॅनवर झाडायचा, झडपा पुसायचा.

पाटणकडचा, उंच, कानाला मफलर. बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची सवय. टपरीवर चहात साखर पडण्याआधी चिमटीत घेऊन सांगायचा, "ही आपली न्हवं." टपरीवाला वैतागायचा. "आरं गड्या, प्यायचं बघ की!"

जुन्या पॅनमनने त्याची बोटे ओळखली होती. पॅनमधून नमुना काढला की काचेवर घेण्याआधी तो याच्यापुढे धरायचा. म्हातारा निवृत्त झाला आणि पुढचे दोन हंगाम पॅन प्रत्यक्षात यानेच चालवला. मी भिंगाखाली दाणा तपासून जिना चढून वर जायचो, तोवर याने झडप फिरवलेली असायची.

"कळलं कसं?" मी विचारायचो.

"डोळ्यानं न्हाई सायेब, बोटानं."

अशी माणसे तुमच्याही कचेरीत, शाळेत असतील. काम त्यांचे, सही दुसऱ्याची.

पॅनमनच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. यानेही अर्ज केला होता. कागदपत्रे घेऊन मी खोलीत होतो.

"शिक्षण?"

"चौथी."

"मग पाक झाला हे कळतं कसं तुला?"

"तुमास्नी भूक लागल्याली कशी कळती?"

समिती हसली. शेरा पडला: अपात्र. जागा एका संचालकाच्या जावयाला मिळाली. त्याच्याकडे पदविका होती. मुख्य रसायनतज्ज्ञांनी खलाशाला बोलावून सांगितले, "यांना शिकव."

त्याने शिकवले. मन लावून शिकवले. जावयाची बोटे धरून पाकात बुडवली. "आवं, घाबरताय काय? पोळंल जरा. पोळल्याबिगर कळायचं न्हाई." जावई हात झटकायचा आणि काच मागायचा.

जानेवारीत जावई एकटा पॅन चालवू लागला. शेजारी खलाशी असला की कामगार सवयीने त्यालाच विचारत. म्हणून खलाशाला खाली मळीच्या टाक्या धुवायला पाठवले.

त्या मंगळवारी पॅनचा आवाज बदलल्याचे त्याला खालून ऐकू आले. तो धावत वर आला. मी तिथेच होतो. तो जावयाला म्हणाला,

"सायेब, पाणी द्या. आवळाय लागलाय."

"तुला वर कोणी बोलावलं?"

"कुनी न्हाई. पाणी द्या, मग काय बोलायचं ते बोला."

"खाली जा. तुझं काम धुवायचं."

तो खाली गेला. अर्ध्या तासात पाक बसला. खालची झडप उघडली, पण काही पडेना. वाफ सोडली, गरम पाणी सोडले, शेवटी माणसे आत उतरवून पहारींनी फोडला. आवारात उसाच्या बैलगाड्या रस्त्यापर्यंत उभ्या राहिल्या. मुख्य रसायनतज्ज्ञ साहेबांच्या सांगण्यावरून नोंदवहीत मी 'यांत्रिक बिघाड' असे लिहिले. मेमोत लिहिले होते: 'कामाची जागा सोडून वरिष्ठांच्या कामात अडथळा आणला.'

हंगाम संपेपर्यंत त्याने टाक्या धुतल्या. जावई पॅनवर कायम झाला.

ऑक्टोबरमध्ये हंगामी कामगारांना बोलावणी निघाली. त्याच्यासाठी मात्र साहेबांनी जीप दिली; पाक बोटाने ओळखणारा दुसरा कोणी नव्हता. पत्र घेऊन मी पाटणला गेलो. त्याची बायको अंगणात भात झोडपत होती.

"ते न्हाईत."

"कुठं गेलेत?"

"हद्दीपल्याड, कर्नाटकातल्या कारखान्यावर. पॅनमन म्हणून घेतलंय त्यास्नी."

"परीक्षा झाली?"

"कसली परीक्षा? पाक म्होरं धरला, ह्यांनी बोटं लावली, झालं." तिने माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिले. "ह्यात काय म्हनून बोलावलंय?"

मी सांगितले, "खलाशी."

"मग गावात इचारा. झाडाय कुनीबी मिळंल."

पत्र तिने घेतले नाही. जीप संध्याकाळी कारखान्यावर परत आली. बॉयलर पेटायला चार दिवस राहिले होते.