तळघरातलं गोड पाणी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेच आरोपी आता समोर आले तरी ओळखू येणार नाहीत. पण सोलापुरातल्या एका तळघरात साचलेलं गुडघाभर पाणी आणि त्यापायी दोन घरांचं झालेलं वाटोळं मी विसरू शकत नाही. माझा राग तिघांवर आहे. त्यातला एक मी स्वतः आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून पाऊस चांगला झाला, त्यानंतरची ही गोष्ट. मी शहरातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. दुष्काळाचं सबंध वर्ष आम्ही पाण्याच्या भांडणांतच काढलं होतं. नळावर घागरींची हाणामारी, टँकरवर दगडफेक, हौदावर रात्रपाळीचा पहारा. पाऊस पडल्यावर वाटलं, सुटलो. आणि एका सकाळी वर्दी आली की पूर्व भागातल्या एका गल्लीत पाण्यावरून एकाचा हात मोडलाय.

मी पोहोचलो तेव्हा गल्लीत गर्दी होती. एका रंगाऱ्याचा सूत रंगवायचा मोठा सिमेंटचा हौद फुटला होता आणि लाल पाणी गटारापर्यंत वाहत गेलं होतं. रंगाऱ्याला टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. ज्यानं हौद फोडला तो शेजारचा विणकर पहार हातात घेऊन तिथंच बसला होता. पळाला नव्हता. घरात तेलुगू बोलणारा, चाळिशीचा, अंगानं किरकोळ माणूस.

"मी काय केला साहेब? माझा घर बुडाला, ते कोण बघणार?" तो म्हणाला.

मी त्याच्या घराकडे पाहिलंही नाही. पाण्यावरून भांडणाऱ्यांना एकदा धडा शिकवायचा, असं वर्षभर मनात साचलं होतं. त्याला बेड्या घातल्या आणि जीप असूनही बाजारातून चालवत ठाण्यावर आणलं. त्याची बायको मागून येत होती. तिला मी एका शब्दानं हटकलं आणि ती जागीच थांबली.

मग दवाखान्यात जाऊन रंगाऱ्याचा जबाब घेतला. उजव्या कोपराच्या खाली हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. सुई दिल्यामुळे तो गुंगीत होता. "मी हौद वाचवाया गेलो... पहार आली हातावर," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी ते सरकारी भाषेत बसवलं. 'आरोपीने लोखंडी पहारीने माझ्या उजव्या हातावर जाणीवपूर्वक वार केला.' वाचून दाखवलं. तो हं म्हणाला. डाव्या हाताचा अंगठा घेतला. ठाण्यावर येऊन कलम तीनशे सव्वीस लावलं, म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत. चहा निवायच्या आत गुन्हा नोंदवून झाला.

तीन-चार दिवसांनी सविस्तर पंचनाम्यासाठी पुन्हा त्या गल्लीत गेलो. बरोबर आमचे जुने हवालदार होते. मंद्रूपकडचे, नोकरीत माझ्या दुप्पट मुरलेले, आणि तोंडानं तिखट. या वेळी मी पहिल्यांदा विणकराच्या तळघरात उतरलो.

घर त्यानं दुष्काळातच विकत घेतलं होतं, आणि घेतलं ते या तळघरासाठीच. सोलापूरच्या उन्हाळ्यात सूत कोरडं पडतं, मागावर सारखं तुटतं. तळघराच्या गारव्यात ते टिकतं. म्हणून त्यानं दोन माग आणि सगळं सूत खाली ठेवलं होतं. फरशी नवीकोरी शहाबादी होती. घर विकणाऱ्यानं ती स्वखर्चानं घालून दिली होती आणि विणकराला त्याचं फार कौतुक होतं. आता त्या फरशीवर गुडघाभर पाणी होतं. माग पाण्यात उभे, लाकूड फुगलेलं, सुताच्या गठ्ठ्यांना बुरशी. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

हवालदारांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं आणि चक्क एक घोट प्यायले.

"अहो, काय करताय?" मी ओरडलो.

"साहेब, गोड हाय की! रंगाऱ्याच्या हौदाचं असतं तर माझी जीभ लाल झाली नसती व्हय?" मग मिशी पुसत म्हणाले, "आन् दुसरं बघा. हौद फुटून चार दिस झाले. थेंब न्हाय त्यात. हितलं पाणी कमी व्हायला पायजे होतं का नगं?"

मी बाईंना विचारलं. पाणी कमी झालं नव्हतं. एक पायरी वरच चढलं होतं.

मी तसाच ठाण्यावर आलो आणि कोठडीतून विणकराला बाहेर काढून समोर बसवलं.

"हौद गळतो हे तुला कुणी सांगितलं?"

"मालकानं."

"कोण मालक?"

"घर विकलेला मालक, साहेब. पाणी आला तसा मी त्याच्याकडे गेला. तो बोलला, शेजाऱ्याचा हौद पहिल्यापासून गळतो, मलाही लई तरास दिला, तू गरीब म्हणून तुला दाबतो. दोनदा गेला, दोनदा हेच बोलला. मी रंगाऱ्याला हात जोडून सांगितला हौद दुरुस्त कर. तो बोलला, माझा हौद ठीक आहे. मग भांडण रोज."

घर विकणारा गृहस्थ शहरातला आडत व्यापारी, मूळचा मैंदर्गीकडचा. घरात कन्नड, बाहेर मराठी. इस्त्रीचा पांढरा कोट, कपाळाला भस्म, बोलणं मऊ. नव्या वसाहतीत त्यानं बंगला बांधला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं गेलो. त्यानं खुर्च्या मागवल्या, पंखा सुरू केला.

"पाणी? छे छे. मी राहत होतो तोवर तळघर ठणठणीत होतं, फौजदारसाहेब."

"मग विणकराला हौद पूर्वीपासून गळतो असं कसं सांगितलंत?"

"असं म्हणालो? असेल. माणूस रडत आला, काहीतरी समजूत काढायला नको का?"

"तळघराच्या जागी आधी काही होतं? विहीर, आड?"

"काही नाही. शिवाच्यान काही नाही."

तेवढ्यात फाटकातून बायकांचा घोळका आत आला. पुढे त्याची मुलगी, बाळंतपणासाठी माहेरी आलेली, डोक्यावर भरलेली घागर आणि पदराला हळद. मागे त्याची म्हातारी आई, कवेत बाळ. आमच्याकडे सव्वा महिन्यानं बाळंतीण आड पुजते. हळदकुंकू वाहते, पहिली घागर भरते, मगच घरातल्या पाण्याला हात लावते. तोच कार्यक्रम उरकून त्या आल्या होत्या. म्हातारीनं आम्हाला पाहिलं आणि खाकीला न भिता घुगऱ्यांची वाटी पुढं केली.

"घ्या की फौजदार. पणतू झालाय मला."

मी घुगऱ्या घेतल्या. "अव्वा, आड कुठला पुजलात?"

"कुटला म्हंजे? लोकाच्या दारातला! अर्धा कोस चालवलं पोरीला उन्हात." म्हातारीचा राग उसळून आला. "बंगला बांधलाय म्हणं. आड न्हाई त्याला घर म्हणत्यात का? माझी सहा बाळंतपणं झाली, सहाही येळंला घरातला आड पुजला म्या. सुनंनं बी तोच पुजला."

"अव्वा, आत जा," मुलगा म्हणाला.

"जाते की! खरं बोलल्यावर आतच घालवतोस तू. फौजदार, परसात आड होता आमचा, साकरंवानी पाणी. ह्यानं परसू खणून तळघर केलं, वर खोल्या चढवल्या. तरी बी जिना उतरून पाणी काढत होतो आमी. दुष्काळात आटला, तर ह्यानं दगडमाती टाकून त्याचं तोंड बुजवलं. म्या म्हटलं, अरे आटलाय, मेला न्हाई. पाऊस आला की गंगा परत येती. ऐकतोय कोण?"

हवालदार वाटीतल्या घुगऱ्या मोजून खात असल्यासारखे खाली बघत राहिले.

गल्लीत हे कुणालाच कसं माहीत नव्हतं, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर साधं होतं. उंच भिंतींचं घर, आत कुणाला घ्यायची पद्धत नाही, आणि आजूबाजूला सगळे अलीकडे आलेले भाडेकरू. रंगारीही त्यातलाच.

एका शेतकऱ्याचं तेलाचं इंजिन भाड्यानं आणून आम्ही पाणी उपसलं. पंचांसमोर कोपऱ्यातली फरशी उचलली. खाली दगडगोटे, आणि त्यांच्यामधून पाणी बुडबुड वर येत होतं. विणकराची बायको तिथंच मटकन बसली. "अम्मा," एवढंच म्हणाली. गर्दीत रंगारीही आला होता, हात गळ्यात बांधलेला. तो त्या पाण्याकडे बघत उभा राहिला, मग तिच्याकडे.

व्यापाऱ्याला मी ठाण्यावर बोलावलं. या वेळी खुर्ची दिली नाही.

"आड होता ना?"

"होता. आड असणं गुन्हा आहे का? त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"तुम्ही शेजाऱ्याचं नाव घेतलंत. दोन माणसं एकमेकांच्या अंगावर घातलीत."

"मी पहार दिली नव्हती त्याच्या हातात." आणि मग शांतपणे म्हणाला, "साहेब, आड आहे म्हटल्यावर तळघर कोण घेतं?"

त्या क्षणी माझा हात वर गेला होता. हवालदारांनी मध्ये पडून दुसऱ्याच कामाचं निमित्त काढलं, म्हणून वाचला. मी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. त्याचा वकील नावाजलेला होता. ही घरविक्रीची, दिवाणी स्वरूपाची बाब आहे, असं म्हणून कोर्टानं त्याला सोडलं. इस्त्रीच्या कोटाला सुरकुती न पडता तो पायऱ्या उतरून गेला.

पण माझं खरं दुखणं त्यानंतरचं आहे.

रंगारी बरा होऊन ठाण्यावर आला. हात वाकडा जुळला होता. म्हणाला, "साहेब, त्यानं मला मारलं न्हाय. तो हौदावर पहार घालत हुता, मी मधी हात घातला. त्याची बायको रोज भाकरी आणून देती घरी. ती केस मिटवून टाका."

मी त्याला सांगू शकलो नाही की तीनशे सव्वीसमध्ये तडजोड होत नाही. घातक हत्याराचं कलम नसतं, नुसतं तीनशे पंचवीस असतं, तर कोर्टाच्या परवानगीनं मिटलं असतं. मी वरिष्ठांकडे गेलो, माझ्या रागाचे तिसरे धनी तेच, आणि कलम बदलण्याविषयी विचारलं. ते म्हणाले, "जबाब तुझ्या हातचा आहे. आता फिरवलास तर लोक म्हणतील पैसे खाल्ले." पुरवणी जबाब घेता आला असता, 'जाणीवपूर्वक' हा शब्द त्याचा नाही, माझा आहे, असं वर लिहून देता आलं असतं. मला नोकरीची भीती वाटली. दोषारोपपत्र तसंच गेलं.

कोर्टात रंगाऱ्यानं हात जोडून सांगितलं की मला तक्रार नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. सरकारी वकिलांनी दवाखान्यातला जबाब त्याच्यापुढे धरला, अंगठा त्याचाच होता. मी पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगितलं, जबाब फिर्यादीनं सांगितल्याप्रमाणे लिहिला. विणकराला शिक्षा झाली. तो तुरुंगात असताना माग मोडीत विकले गेले आणि बायको मुलांना घेऊन दुसऱ्यांच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली.

तपास चांगला झाला म्हणून त्या वेळी माझी पाठ थोपटली गेली होती. लोकांना वाटतं, पोलिसाची चूक म्हणजे आरोपी न सापडणं. मी सांगतो, आरोपी पहिल्याच दिवशी जागेवर बसलेला सापडतो, तेव्हा सगळ्यात मोठी चूक होते. त्या सकाळी मी फक्त एक जिना उतरलो असतो तर पाणी गोड आहे हे मलाही कळलं असतं. पुढं माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक फौजदाराला मी बजावलं की जखमी माणसाचा जबाब त्याच्याच शब्दांत लिहा, कितीही अर्धवट असो. त्यांना वाटायचं, साहेब काटेकोर आहेत. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

निकालाच्या दिवशी रंगारी मला कोर्टाच्या आवारात गाठून उभा राहिला. शिवी देईल असं वाटलं. त्यानं दिली नाही. वाकड्या हातानं टोपी सारखी करत त्यानं विचारलं, "साहेब, हात माझा मोडला. आन् माफ करायला तुमची परवानगी लागती व्हय?"

मी जीपमध्ये बसलो आणि ड्रायव्हरला चल म्हणालो.