डाव्या पायाचा घट्ट मोजा

आमच्या लेकीच्या डाव्या पोटरीतल्या शिरा जन्मापासूनच फुगलेल्या, वेड्यावाकड्या. त्यांत रक्त साकळलं की गुठळी होते, वाटाण्यासारखी टणक गाठ हाताला लागते आणि पोर पाय पोटाशी घेऊन कळवळते. गेल्या वर्षी मे महिन्यात अशीच कळ आली, तेव्हा रक्त पातळ करणारी इंजेक्शनं पोटावर घ्यावी लागली. ती थांबली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा उठल्यापासून झोपेपर्यंत पायात हवाच, नाहीतर पुन्हा गुठळ्या आणि पुन्हा सुया.

आणि नेमका तोच मोजा ती घालेना. चावतो म्हणायची. घरातून घालून निघायची आणि रिक्षात काढून दप्तरात कोंबायची. मी समजावलं, ओरडलो, आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. आइस्क्रीम तेवढं खाल्लं. शेवटी एका रविवारी म्हणाली, "पप्पा, तू एक दिवस घालून दाखव. मग मी रोज घालते."

आम्ही गिरीज गावचे वाडीवाले, केळीच्या बागा करणारे. केळीचे घड खांद्यावर वाहिलेला माणूस मोज्याला भिणार? तडक पापडीच्या बाजारात मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार पोटरी मोजायला टेप घेऊन पुढे आला, तसा मी पाय मागे घेतला. चार बायकांसमोर पँट वर करायची म्हणजे काय! म्हटलं, मध्यम द्या.

घरी येऊन मोजा चढवेपर्यंत माझा चहा दोनदा गरम करावा लागला. मग ऐटीत वाडीत गेलो. केळीची वाळलेली पानं कापताना आधी शिट्टी वाजवत होतो. मग शिट्टी थांबली. मग पाटाच्या पाण्यात पाय बुडवून बसलो, तर भिजलेला मोजा कातडीसारखा चिकटला. लंगडत घरी आलो. ओटीवर मी खांबाला मिठी मारलेली, बायको टाचेकडून ओढतेय आणि लेक कमरेला धरून आईला ओढतेय. माझी आई दारातून बघत म्हणाली, "ह्याला लहानपनापासून कशाचंच माप नाय."

मोजा एकदाचा निघाला. गुडघ्याखाली त्याची वरची कड गुंडाळून दोरीसारखी झाली होती, तिथे लालभडक खाच पडलेली. मायलेकी हसत होत्या. मग लेकीचं हसू थांबलं. तिने खाचेत बोट फिरवलं.

"माझा पण इथेच गुंडाळतो. चावतो चावतो सांगत होते ना, ते हेच."

बायकोने तिचा मोजा आणून पायाला लावून पाहिला. पोर वर्षभरात ताडासारखी वाढली होती, मोजा होता तेवढाच राहिला होता. आणि मी नाटकं समजून तिला ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, त्यामुळे मला जास्तच मेल्यासारखं झालं. म्हणाले, गुंडाळलेली कड रक्त वर जाऊ देत नाही, म्हणजे गुठळीला आमंत्रणच. वाढत्या मुलांची मापं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. नर्सबाईंनी घोटा, पोटरी, गुडघ्याखालचा घेर, सगळं टेपने मोजलं.

नवा मोजा आला. लेकीने पलंगावरच, पकड यावी म्हणून रबरी हातमोजे घालून तो स्वतः चढवला, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली, वाकून कडेखाली बोट सरकवलं. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघतोय.

"नाही चावत," म्हणाली आणि दप्तर उचललं.

संध्याकाळी रिक्षातून उतरली तेव्हा मोजा पायातच होता. मला इतका आनंद झाला की मी मोबाइल काढून तिच्या पायाचा फोटो घ्यायला खाली बसलो.

"पप्पा, बाजूला सर ना," ती म्हणाली. "मला खेळायला जायचंय."